लिपिकाराचा अपराध

शाळेच्या चाळिसाव्या वर्धापनदिनानिमित्त निघणाऱ्या या स्मरणिकेच्या मांडणीचे काम संस्थेने आम्हां तिघा माजी विद्यार्थ्यांकडे सोपवले, तेव्हा आम्ही संपादक मंडळापुढे एकच अट ठेवली. नामावलीची पाने आम्ही सर्वांत आधी लावू. मुखपृष्ठ, छायाचित्रे, शुभसंदेश आणि लेख त्यानंतर. मंडळाला नवल वाटले. स्मरणिकेत नामावली शेवटी येते आणि उरलेल्या जागेत बसवली जाते, अशी सर्वत्र रीत आहे. ती आम्ही उलटी का केली, हे सांगण्यासाठी हा लेख लिहीत आहोत. त्यात आमच्या हातून घडलेल्या एका चुकीची कबुली आहे, आणि अक्षररचना व पानांची मांडणी यांचा अभ्यास करताना आम्ही जे शिकलो, त्याचा हिशेबही आहे.

आमचे पहिले अक्षरशिक्षण याच आवारात झाले. मराठीचे गुरुजी दरवर्षी हस्तलिखित काढत. ड्रॉइंग पेपरचे बंद कापायचे, शिसपेन्सिलीने रेघा आखायच्या, बोरूने मजकूर उतरवायचा आणि शाई वाळल्यावर रेघा खोडरबराने पुसायच्या, असा तो क्रम असे. लिहायला बसण्यापूर्वी गुरुजी कागदाच्या चारही बाजूंना दोन-दोन बोटे जागा मोकळी सोडायला लावत. वसतिगृहात वह्या मोजून मिळत. एवढा कोरा कागद वाया घालवायचा, हे आम्हांला पटत नसे. आमच्यापैकी एकाने एकदा धीर करून तसे विचारले. गुरुजी म्हणाले, “वाचणाऱ्याने पान धरायचे कुठे? त्याचे अंगठे तुझ्या अक्षरांवर यावेत का?” समासाची याहून चांगली व्याख्या आम्हांला पुढे कोणत्याही पुस्तकात सापडली नाही.

हस्तलिखित वर्षातून एकदा निघे. रोजचे वाचन मात्र निराळ्या कागदांवर चाले. चाचणी परीक्षेच्या प्रश्नपत्रिका चक्रमुद्रणाने निघत. स्टेन्सिल झिजली की अनुस्वार शाईने भरून येत, काना पुसट होई, ‘व’ आणि ‘ब’ यांतला भेद उरत नसे. वाचनालयातली बरीचशी पुस्तके कुणी वापरून दिलेली होती. त्यांत टाइप बारीक आणि ओळीला ओळ चिकटलेली; वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत अडकलेला. भारनियमनाच्या रात्री कंदिलाभोवती बसून वाचताना आम्ही एकच ओळ दोनदा वाचत असू, नाहीतर मधली एखादी ओळ गाळून पुढे जात असू. आम्ही आपापल्या घरातले पहिले वाचणारे होतो. वाचन अडले की त्याचे कारण स्वतःतच शोधायचे, ही सवय आम्हांला फार लवकर लागली. आपले डोके मंद आहे, असे आम्हांला कुणी तोंडाने सांगितले नव्हते. त्या पानांकडे पाहून आम्हीच तसे ठरवून टाकले होते.

दहावीनंतर आमच्या वाटा वेगळ्या झाल्या. एक जण उपयोजित कलेच्या शिक्षणासाठी मुंबईला गेला, दुसऱ्याने तंत्रनिकेतनात मुद्रणाची पदविका घेतली, तिसरा तालुक्याच्या गावी एका छापखान्यात संगणकावर मजकूर जुळवू लागला. पुढे तिघेही मुंबईत एकाच खोलीत राहिलो. दिवसा जो जे शिके, ते रात्री उरलेल्या दोघांना सांगे. त्यामुळे येथे ‘आम्ही शिकलो’ असे जे म्हणत आहोत, ते कधी एकाने वर्गात शिकलेले आहे, तर कधी दोघांनी जेवणाच्या ताटावर ऐकलेले.

कला महाविद्यालयात त्या काळीही शिशाच्या खिळ्यांच्या जुन्या केस जपून ठेवलेल्या होत्या. खिळे हातात घेतल्यावर प्रथमच कळले की छापील पानावरची मोकळी जागा ही रिकामी नसते. तीही कुणीतरी घडवून तेथे बसवलेली असते. शब्दांमधल्या अंतरासाठी आखूड तुकडे लागतात, ओळींमधल्या अंतरासाठी शिशाच्या पट्ट्या. मुंबईच्या ‘डिग्री’ पद्धतीच्या जुळणीत तर वरच्या आणि खालच्या मात्रा अक्षरापासून वेगळ्या असत. म्हणजे जुळाऱ्याला एकाच ओळीचे तीन मजले बांधावे लागत. इंग्रजीचा जुळारी एक ओळ उभी करी, तेवढ्यात मराठीच्या जुळाऱ्याने तीन थर रचलेले असायला हवेत, अशी त्याची कसोटी होती. बापूराव नाईक यांनी देवनागरीच्या मुद्राक्षरांवर लिहिलेला तीन खंडांचा इंग्रजी ग्रंथ १९७१ मध्ये भाषा संचालनालयाने प्रसिद्ध केला. तो चाळताना या कामामागे किती पिढ्यांचे डोळे आणि बोटे झिजली असतील, याची कल्पना आली.

त्याच काळात जावजी दादाजींची हकीकत वाचली. लहानपणी अमेरिकन मिशनच्या छापखान्यात खिळे घासण्याचे काम करणाऱ्या या मुलाने पुढे निर्णयसागर छापखाना उभा केला, आणि राणोजी रावजी आरू यांच्या हातच्या अक्षरांनी त्या छापखान्याची पुस्तके देशभर ओळखली जाऊ लागली. ही दोन्ही नावे आम्ही शाळेत ऐकलेली नव्हती. ज्यांनी अक्षरे घडवली, त्यांची नावे अक्षरे वाचणाऱ्यांपर्यंत क्वचितच पोहोचतात. हे वाक्य आम्ही त्या वेळी वहीत टिपून ठेवले होते. पुढे तेच आमच्यावर उलटणार आहे, हे तेव्हा ठाऊक नव्हते.

एके दिवशी अध्यापकांनी एकच उतारा दोन कागदांवर छापून आणला. शब्द तेच, टाइप तोच, आकारही तोच. पहिल्या कागदावर ओळी एकमेकींना खेटून होत्या. दुसऱ्यावर दोन ओळींच्या मध्ये शिशाची पातळ पट्टी घातलेली होती. दोन्ही उतारे वाचायला सांगून अध्यापकांनी घड्याळ लावले. दुसरा उतारा सर्वांनीच लवकर वाचला, आणि त्यातला आशयही अधिक लक्षात राहिला. कारण साधे होते. देवनागरीत शिरोरेघेच्या वर वेलांट्या, मात्रा, रफार आणि अनुस्वार असतात. खाली उकार आणि ऋकार. रोमन लिपीला पुरणारे ओळींमधले अंतर आपल्या लिपीला पुरत नाही. ते दिले नाही, तर डोळा ओळीच्या शेवटाकडून पुढच्या ओळीच्या आरंभाकडे येताना वाट चुकतो.

त्या रात्री खोलीवर आम्ही बराच वेळ काही बोललो नाही. कंदिलाभोवतीच्या त्या सगळ्या रात्री आठवत होत्या. डोळा वाट चुकत होता, कारण तेथे वाटच ठेवलेली नव्हती. आमच्याबरोबर वसतिगृहात असलेले, ‘वाचन जमत नाही’ म्हणून सातवी-आठवीतून परत गेलेले दोन-तीन सोबतीही आठवले. त्यांच्या शाळा सोडण्याला दारिद्र्याची आणि घरच्या अडचणींची कारणे होतीच. सगळा दोष छपाईला देणे खोटे ठरेल. तरी त्या कारणांत एक कारण कागदावरही होते, आणि ते शिशाच्या दोन पट्ट्यांनी दूर झाले असते, हा विचार आजही आमचा पिच्छा सोडत नाही.

पुढे शिकलेल्या गोष्टींतल्या काही थोडक्यात सांगतो; विद्यार्थ्यांना भित्तिपत्रक काढतानाही त्या उपयोगी पडतील. देवनागरी शब्दाला शिरोरेघ बांधून ठेवते. म्हणून शोभेसाठी अक्षरे दूर-दूर मांडू नयेत. रेघ तुटली की शब्द तुटतो. मराठीत विभक्तिप्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये शब्दाला जोडून येतात, त्यामुळे शब्द लांबलचक होतात. असा मजकूर अरुंद रकान्यात दोन्ही कडांना समान बसवला, की शब्दांमध्ये भगदाडे पडतात आणि पानातून पांढऱ्या नद्या वाहू लागतात. त्यापेक्षा उजवी कड मोकळी सोडलेली बरी. शीर्षक मोठे असावे, पण त्याच्या मोठेपणाला कारण असावे. पानावर सगळेच ओरडू लागले, तर कुणाचेच ऐकू येत नाही.

पानावर काय वरती ठेवायचे हा केवळ शोभेचा प्रश्न नसतो, हे आम्हांला ‘मूकनायक’ने शिकवले. ३१ जानेवारी १९२० रोजी निघालेल्या त्या पाक्षिकाच्या शिरोभागी बाबासाहेबांनी तुकोबांचा अभंग ठेवला. ३ एप्रिल १९२७ रोजी सुरू झालेल्या ‘बहिष्कृत भारत’च्या शिरोभागी ज्ञानेश्वरांच्या ओव्या आल्या. ज्यांना शतकानुशतके बोलू दिले नव्हते, त्यांच्या पत्राचे कपाळ कोणत्या शब्दांनी उजळावे, याचा तो विचारपूर्वक केलेला निर्णय होता. मांडणीचा अभ्यासक्रम त्याला पृष्ठरचनेतील श्रेणी म्हणतो. आम्ही त्याला मान म्हणायला शिकलो. कोणता मजकूर कोठे आणि किती जागेत, हे ठरवताना आपण कुणाला किती मान देतो आहोत, हेच ठरत असते.

मुद्रितशोधनाचा धडा एका वंदनेच्या पुस्तिकेने दिला. जुळणी करणाऱ्याने सवयीने तीन ठिकाणी ‘धम्म’चा ‘धर्म’ केला होता, आणि आमच्या दोन वाचनांत ते निसटले. आपण शब्द वाचत नाही, अपेक्षित आकार ओळखतो; म्हणून ओळखीच्या मजकुरातली चूक सर्वांत शेवटी दिसते. पाली मजकूर देवनागरीत लावताना तर प्रत्येक जोडाक्षर तपासावे लागते. ‘पञ्ञा’तला ‘ञ्ञ’ नीट उमटला का, ‘बुद्ध’मधला ‘द्ध’ फुटला का, हे पाहावे लागते. मराठी माणसाला त्यात एक आपुलकीची खूण भेटते. आपला ‘ळ’ पालीतही आहे. तेव्हापासून आम्ही एक नियम पाळतो. एकाने मोठ्याने वाचायचे आणि दुसऱ्याने मूळ प्रतीशी ताडून पाहायचे. संगीतीत एकत्र पठण करून वचने शुद्ध राखण्याची जी परंपरा सांगितली जाते, तिच्यामागे हाच अनुभव असला पाहिजे. एकट्याचा डोळा फसतो, तेथे दुसऱ्याचा कान सावध करतो.

एवढे सगळे शिकून झाल्यावर आमच्या हातून ती चूक घडली.

पंधरा वर्षांपूर्वी शाळेच्या रौप्यमहोत्सवी स्मरणिकेचे काम आमच्याकडे आले. शिकलेली विद्या आपल्या शाळेला दाखवायची, याचा आम्हांला मोठा उत्साह होता. पाहुण्यांच्या छायाचित्राला आम्ही समोरासमोरची दोन पाने दिली. प्रत्येक लेखाच्या शीर्षकासाठी वेगळी नक्षी केली. पाने वाढत गेली, खर्चाची मर्यादा आली, आणि शेवटी नामावलीसाठी दोनच पाने उरली. शिक्षक, कर्मचारी, देणगीदार आणि माजी विद्यार्थी यांची सगळी नावे आम्ही सात पॉइंटांच्या टाइपात चार रकान्यांत कोंबली. ओळींमधले अंतर कमी केले, रकान्यांतले समास काढून टाकले. नावांची यादी शाळेच्या कार्यालयाने जुन्या पद्धतीच्या फाँटमध्ये टंकलेली होती. ती आम्ही युनिकोडमध्ये बदलून घेतली. अशा रूपांतरात रफार जागा सोडतो, ‘मार्ग’चा ‘मागर्’ होतो. पहिली वेलांटी भलत्या अक्षराच्या गळ्यात पडते. हे आम्हांला माहीत होते. लेख आम्ही दोन-दोनदा वाचले. नामावली ‘यादीच तर आहे’ म्हणून एकदा वरवर पाहिली.

प्रकाशनाच्या दिवशी समारंभ संपल्यावर वसतिगृहाच्या स्वयंपाकघरातल्या मावशी स्मरणिका घेऊन व्हरांड्यात बसल्या होत्या. आमच्या पिढीने त्यांच्या हातच्या भाकरीवर वाढ घेतली आहे. त्या निरक्षर होत्या. संध्याकाळच्या साक्षरता वर्गात आम्हीच मुलांनी आळीपाळीने त्यांना अक्षरे शिकवली होती. जाड अक्षरातला मथळा त्या स्वतः वाचू शकत. छापील पुस्तकात आपले नाव येणार, हे त्यांना कळले होते. मावशी चष्मा सावरत रकान्यावरून बोट फिरवीत होत्या. बोट खाली जाई, पुन्हा वर येई. शेवटी त्यांनी पाचवीतल्या एका मुलीला बोलावले. मुलीने नाव शोधून वाचले, पण जे उमटले होते ते नाव नव्हतेच. रफार शेजारच्या अक्षरावर जाऊन बसला होता. मुलगी अडखळली आणि हसली. मावशीही हसल्या. आम्ही जवळ गेलो तेव्हा त्या म्हणाल्या, “माझं नाव मलाच वाचता येईना, म्हणजे माझंच शिकणं कच्चं राहिलं बघा, लेकरांनो.”

त्यांनी आम्हांला एक शब्दही बोल लावला नाही. पान चुकले होते आणि दोष वाचणारीने स्वतःकडे घेतला होता. कंदिलाजवळ आम्ही जे केले होते, अगदी तेच. आणि या वेळी ते पान लावणारे हात आमचे होते.

त्यानंतर काही महिन्यांनी आम्ही मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात गेलो होतो. पंडित भगवानलाल इंद्रजी यांना १८८२ मध्ये सोपाऱ्यास सापडलेला सम्राट अशोकाच्या शिलालेखाचा तुकडा तेथे आहे. ब्राह्मी अक्षरांना शिरोरेघ नाही. उभ्या-आडव्या साध्या रेषांनी बनलेली ती अक्षरे दगडात स्वच्छ उभी असतात. सोपाऱ्याचा तुकडा आठव्या लेखाचा आहे. परंतु त्या निमित्ताने आम्ही अशोकाचे सगळेच लेख मराठी अर्थासह वाचायला घेतले आणि गिरनारच्या शिळेवर असलेल्या चौदाव्या लेखापाशी थांबलो. तेथे राजा आपल्या लेखांच्या मांडणीविषयीच बोलतो. काही लेख संक्षिप्त आहेत, काही मध्यम, काही विस्तृत, कारण सगळे सगळीकडे बसत नाही. काही गोष्टी त्यांच्या गोडीमुळे पुन्हापुन्हा सांगितल्या आहेत, म्हणजे लोकांनी तसे आचरण करावे. आणि कोठे काही अपुरे लिहिले गेले असेल, तर ते जागेमुळे, किंवा अन्य कारणामुळे, किंवा लिपिकाराच्या अपराधामुळे.

दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी, एवढ्या मोठ्या साम्राज्याच्या अधिपतीने आपल्या लेखांतल्या उणिवांची कारणे दगडावर कोरून ठेवली, आणि त्या कारणांत वाचणाऱ्याचे अज्ञान कोठेही नाही. जागा अपुरी पडेल, लिहिणारा चुकेल. पण वाचणारा मंद आहे, असे राजा म्हणत नाही. कर्नाटकात ब्रह्मगिरीच्या लेखाखाली चपड नावाच्या लिपिकाराची, अंशतः खरोष्ठीत केलेली, स्वाक्षरी आहे. लिपिकाराला नाव होते, म्हणून त्याच्यावर जबाबदारीही होती. मावशींना त्या दिवशी जे सांगायला हवे होते आणि आम्हांला सुचले नव्हते, ते शब्द आम्हांला या लेखात मिळाले.

या वेळी आम्ही नामावलीपासून आरंभ केला. नावे बारा पॉइंटांत, दोन रकान्यांत, ओळींमध्ये पुरेसे अंतर सोडून लावली. त्यांना जेवढी पाने लागली तेवढी दिली आणि उरलेली पाने बाकीच्या मजकुरात वाटली. त्यामुळे काही छायाचित्रे लहान झाली आहेत, काही मान्यवरांचे संदेश एकाच पानावर एकत्र आले आहेत. त्यांनी समजून घ्यावे. नावांचा क्रम हुद्द्याने न लावता वर्णानुक्रमे लावला आहे. प्रत्येक नाव एकाने मोठ्याने वाचले आणि दुसऱ्याने कार्यालयातल्या हजेरीपटाशी ताडून पाहिले.

मग मुद्रिते घेऊन आम्ही मावशींच्या गावी गेलो. आता त्या लेकीकडे असतात; दृष्टी अधू झाली आहे. पान त्यांच्यापुढे ठेवले. त्यांचे बोट रकान्यावरून खाली सरकत गेले आणि आपल्या नावावर थांबले. त्यांनी ते मोठ्याने वाचले, मग वडिलांचे नाव, मग आडनाव. आम्हांला वाटले, काम झाले. पण बोट थांबले नाही. त्या पुढे वाचत राहिल्या, एकेक नाव, सावकाश. सगळी यादी संपल्यावर त्यांनी मान वर केली आणि विचारले, “विहिरीचं पाणी ओढायला यायची ती कुठाय?”

ती बाई कोणत्याही हजेरीपटावर नव्हती. शाळेच्या पहिल्या सहा वर्षांत, नळ येण्यापूर्वी, तिने आमच्या वसतिगृहाचे पाणी भरले होते. बदल्यात तिच्या दोन मुलांना दोन वेळचे जेवण मिळे, एवढाच करार होता. आमच्यापैकी कुणालाही ती आठवली नव्हती. मावशींना तिचे पूर्ण नाव ठाऊक होते. ते त्यांनी सांगितले, आम्ही लिहून घेतले आणि वाचून दाखवले. मावशींनी एक दुरुस्ती केली. आता ते नाव या अंकात, त्याच्या वर्णानुक्रमाच्या जागी आहे.

विद्यार्थी मित्रांनो, अक्षररचनेचे शास्त्र शिकायला पुष्कळ वर्षे लागतात, आणि संगणकामुळे त्याची साधने आज तुमच्या हाताशी आहेत. ती जरूर शिका. परंतु एखादे पान वाचताना अडलात, तर लगेच स्वतःला बोल लावू नका. आधी पानाकडे नीट पाहा. आणि पुढे कधी पान लावण्याची पाळी तुमच्यावर आली, तर ज्याला वाचायला सर्वांत जड जाणार आहे, त्याच्यासमोर ते आधी ठेवा.

इतकी काळजी घेऊनही या अंकात चुका राहिल्या असतील. कुणाचे नाव अशुद्ध छापले गेले असेल, कुणाचे राहून गेले असेल. तसे आढळल्यास शाळेच्या कार्यालयात अवश्य कळवावे. पुढील अंकात दुरुस्ती केली जाईल. तो अपराध लिपिकारांचा, म्हणजे आमचा, समजावा.